दादाची वाळू

सोस्तेनने जाळी सावरली आणि श्वास रोखून धरला. प्रोस्पेरदादाच्या वाळूवर मोडून पडलेल्या फांदीभोवती फुलपाखरांचा नुसता थर बसला होता. त्यात दोन विटकरी रंगाची, वीतभर लांब पंखांची. असलं एखादं वर्षाकाठी सापडलं तर सापडतं, आणि इथे जोडी बसली होती.

लोबाये नदीकाठी ज्याची वाळू त्याची. जो रोज तिथे मुतून वाळू खारट करतो आणि पाखरं बोलावतो, तोच तिथे जाळी टाकणार. त्याने हाक दिली की बाकीच्यांनी लांब राहायचं. पाण्याच्या खळाळात शब्द कळत नाहीत, नुसता आवाज येतो, तेवढा पुरतो. आज सकाळी दादाने हाकांवर हाका दिल्या होत्या. वळणापलीकडे सगळे हसले.

"घबाड लागलंय वाटतं त्याला," त्यांच्यातला फिदेल म्हणाला होता. "अरे, ओरडतोस किती? कोण खातंय तुझं?"

सोस्तेनही हसला, पण आतून जळफळत होता. थोरल्याचंच मेलं नेहमी नाव! सोस्तेनच्या जाळीत सदा पिवळी, चिल्लर पाखरं. पंख चिकटवून चित्रं करणारे कारागीर तीही नाक मुरडून विकत घेत. होणाऱ्या सासूने तर तोंडावर विचारलं होतं, माझी पोरगी काय पिवळ्या पंखांवर जगवणार का. एक मोठं मिळालं असतं तर तिची बोलती बंद झाली असती. हाका थांबूनही आता बराच वेळ झाला होता. दादा जेवायला गेला असणार. चोरी ती चोरीच, पण सख्ख्या भावाची, असं म्हणत तो रांगत पुढे सरकला.

त्याने जाळी टाकली. दोन्ही अडकली. बाकीचा थवा भर्रकन उठला. जाळीत मोठे पंख फडफडत होते आणि पंखांखाली माणसाचा हात होता.

सोस्तेनने जाळी बाजूला फेकली. त्याने पाला ओरबाडून काढला. फांदीखाली प्रोस्पेर पालथा पडला होता. अंग रक्ताने आणि घामाने चिकट झालेलं. सोस्तेनने फांदीला खांदा लावला, ती तसूभर हलली नाही. प्रोस्पेरने डोळे उघडले.

"सकाळपासून बोलावतोय," तो पुटपुटला. "कुणालाच ऐकू नाही आलं?"

"सगळ्यांना आलं, दादा," सोस्तेन म्हणाला. "म्हणून तर कुणी आलं नाही."