पक्की बातमी

युद्ध ठोस पुराव्यावरच व्हावं, असं गुप्तचर खात्यातल्या थोरल्या अधिकाऱ्याचं तत्त्व होतं; फक्त तो पुरावा हाताखालच्या धाकट्या अधिकाऱ्याने आणलेला नसावा. भर बैठकीत साहेबांनी धाकट्याची पाठ थोपटली आणि थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं.

“शेजारी देश विषारी वायू बनवतो, हे तुला सांगितलं कुणी?”

“मित्रदेशाने.”

“आणि त्यांना?”

“तुम्हीच, सर. तुमच्या जुन्या अहवालातून.”

थोरल्याला आठवलं. तेव्हा पान भरेना, म्हणून ते वाक्य त्याने मनानेच ठोकून दिलं होतं.

“मग? बातमी पक्की ना?” साहेबांनी त्यालाच विचारलं.

त्याने धाकट्याकडे पाहिलं. “एकदम पक्की. पण अहवालावर माझं नाव याच्या वर हवं.”

पहाटे विमानं उडाली. अहवालावर नाव एकट्या साहेबांचं होतं.