दोरावरचा हात

"दोर सोडलो तर वाटो सुटता, बाय," निलेश म्हणाला आणि मान खाली घालून पुन्हा दोर ओढू लागला.

स्वप्ना वाळूत तशीच उभी राहिली. मागे माडांच्या सावलीत रक्तपेढीची गाडी थांबली होती. आत तीन खाटा, एक डॉक्टर, दोन परिचारिका आणि ऐंशी बटाटेवडे. नव्हता तो फक्त रक्तदाता.

शिबिरं भरवणं हे स्वप्नाचं काम. तिचं गाव फोंडाघाट, समुद्र पाहुण्यासारखा बघितलेला. या वाडीसाठी पहिलं शिबिर तिने तालुक्याच्या सभागृहात घेतलं, सोमवारी. सात जण आले. दुसरं शाळेत, बुधवारी. पाच आले, त्यातले तीन मास्तर. "आजकालच्या पोरांना सुईची भीती, दुसरं काय!" साहेब म्हणाले. स्वप्नालाही तसंच वाटायचं. मग तिला कळलं, की पोरं आठवडाभर गोव्याच्या कंपन्यांत असतात. घरी येतात ती शनिवारी संध्याकाळी, आणि रविवारची सकाळ रापणीची. तेव्हा ती साहेबांशी चक्क भांडली. पोरं गाडीकडे येत नाहीत ना, मग गाडीच पोरांकडे नेऊ! साहेबांनी गाडी दिली, पण बजावून. आज वीस बाटल्या झाल्या नाहीत तर किनारपट्टी यादीतून बाद. पुढे गाडी जाईल ती फक्त कणकवलीच्या कॉलेजांत.

किनाऱ्यावरची एखादी बाळंतीण अडली की तिची माणसं रक्तासाठी कुठे कुठे धावतात, ते स्वप्ना रोज फोनवर ऐकत होती. ही गाडी तिला गमवायची नव्हती. आणि आता गाडी पन्नास पावलांवर आणली, तरी पोरं ढिम्म हलत नव्हती.

होडीने समुद्रात सोडलेलं भलं मोठं जाळं दोन बाजूंनी दोर लावून किनाऱ्यावर ओढायचं, ती रापण. ज्याचा हात दोराला, त्याला मासळीचा वाटा. मग तो कुणाचा पाहुणा का असेना. मध्येच हात काढला तर वाटा नाही. आणि रक्त दिल्यावर आज दोर ओढायचा नाही, असं डॉक्टर सांगणार. म्हणजे रक्त द्या आणि मासळीवर पाणी सोडा.

ती परशुराम तांडेलाकडे गेली. रापणीवर त्याचा शब्द चालायचा. सत्तरीचा माणूस, पण आवाज दोन्ही दोरांना पुरून उरणारा.

"तांडेलानु, अर्ध्या तासाचं काम आहे. पोरांना जरा सोडा ना."

"मी खंय बांधून घातलंय?" तो समुद्राकडे बघतच म्हणाला.

साडेनऊ वाजले. स्वप्ना दोनदा दोराच्या टोकापासून टोकापर्यंत फिरली. पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टर गाडीच्या पायरीवर बसून मोबाइल बघत होते. तिला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. तिने चपला भिरकावल्या, ओढणी कमरेला बांधली आणि निलेशच्या पुढ्यात जाऊन दोर धरला.

"हो दोर मी वडतंय. तू जा!" ऑफिसातलं मराठी कुठल्या कुठे गेलं.

निलेश बघतच राहिला. दोर तळहाताला काचत होता. लाट ओसरली की जाळं मागे खेचायचं आणि स्वप्ना दोन पावलं समुद्राकडे फरफटायची. मागचा एक जण हसला. तिने दोर सोडला नाही.

आता तांडेल वळला. घोट्यापर्यंत वाळूत रुतलेल्या या बाईकडे त्याने जरा वेळ पाहिलं. मग तो ओरडला, "आयकलास काय रे? गाडयेत जावन रगत देणाऱ्याचो हात दोरारच आसा, असो मी धरतलंय!"

निलेशने हात झटकले आणि तो गाडीकडे चालू लागला. त्याच्या मागून आणखी दोघे निघाले. मासळी विकायला नेण्यासाठी टोपली घेऊन बसलेली आनंदीबाई उठली आणि पदर खोचून रिकाम्या जागी आली. "माझां रगत कोण घेणा नाय आता," ती म्हणाली, "पण दोर वडूक कोण वय इचारता?" तिला बघून पेन्शनवाले दोन मास्तर आले, मुंबईहून आलेले कुणाचे तरी जावईबापू आले. तीन पोरं गाडीत, तीन सावलीत वडे खात, आणि त्यांच्या जागी अख्खी वाडी दोरावर. जावईबापूंची पँट गुडघ्यापर्यंत भिजली, तरी ते हटले नाहीत.

दुपारपर्यंत सत्तावीस बाटल्या भरल्या. शेवटची सुई निघत असतानाच जाळं किनाऱ्याला लागलं. स्वप्ना धावत गेली. आत शेवाळ, थोडे खेकडे आणि टोपलीभर तारल्या. इतक्या माणसांत वाटल्या तर प्रत्येकाला मूठभरही नाही. वाट्याच्या भरवशावर पोरांनी रक्त दिलं होतं. आता पुढल्या खेपेला इथे आपल्याला कोण उभं करणार?

निलेश माडाला टेकून बसला होता. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. "चुकलंच माझं. तुमचा वाटा फुकट गेला रे."

तो हसायला लागला. "जाळां रिकामां आसा, ह्यां आमका सकाळीच कळलेलां. वर एक तरी पक्षी फिरत होतो काय? तांडेलाकय ठावक होतां."

"काय?" स्वप्ना उडालीच. "मग तासभर दोर का सोडत नव्हतात?"

निलेश दंडावरच्या पट्टीकडे बघत जरा लाजला.

"पयलो हात कोणी काढूचो, बाय? तुझो लागलो, म्हणान माझो सुटलो."