नाक्यावरची वही

"कोणाले बीपी, हार्टचा काई तरास? असला तर वहीत नाव लिहा लागते," नाक्यावरचा वनरक्षक मोतीराम म्हणाला.

"आमाले काय होते?" जानराव मोठ्यानं म्हणाले आणि बायकोकडे वळले. "कौशल्ये, त्या नळावर बाटली भरून आन बरं."

कौशल्याबाई नळाकडे गेल्या. जानराव लगेच टेबलावर वाकले.

"लिहून घे. कौशल्या जानराव. हार्टचं आहे. पन तिले माहीत नाही, तिच्यासमोर बोलू नको."

मोतीरामनं मान डोलावली आणि नाव लिहिलं.

वीस पावलं चालून झाल्यावर कौशल्याबाईंना थैली नाक्यावरच राहिल्याची आठवण झाली. जानराव वळले, तर कौशल्याबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. "तुमी राहू द्या, मीच आनतो." थैली आणायला त्यांनी अंमळ जास्तच वेळ लावला. बायको कुठंही गेली की चार शब्द बोलून येतेच, हे जानरावांना चाळीस वर्षांत पाठ झालं होतं.

गेल्या महिन्यात अकोल्याला दोघांची तपासणी झाली होती. मुलगी चंदा तिथल्याच एका दवाखान्यात नर्स आहे. आपल्याकडे पेशंटला कोणी काही सांगत नाही. सांगतात ते सोबतच्या माणसाला, तेही दाराबाहेर नेऊन. चंदानंही वडिलांना जिन्यापाशी नेलं. आईचं हृदय अशक्त झालंय, मीठ बंद, गोळी वेळेवर, चालायचं तर सावकाश आणि दर दहा मिनिटांनी बसायचं.

"आन बाबा, आईले सांगू नका. घाबरून जाईन ते."

जानराव जिन्यावरच मटकन बसले होते. बडनेऱ्याच्या रेल्वेत चौतीस वर्षं रुळांची पाहणी करत पायी फिरलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांना उठायला चंदाचा हात लागला.

मेळघाटातला हा धबधबा बघायचा, एक रात्र तंबूत राहायचं, हा कौशल्याबाईंचा हट्ट. जानराव आधी नाहीच म्हणाले. वाट सोपी आहे, बाकं आहेत, सावकाश जा, असं चंदानंच समजावलं तेव्हा कुठे तयार झाले. पण घरून निघाल्यापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. नेली तशीच हिला परत आणायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

अडचण एकच होती. स्वतःसाठी बसणारा माणूस त्या घरात नव्हताच. कौशल्याबाईंना बस म्हटलं असतं तर त्यांनी कारण विचारलं असतं. म्हणून जानराव स्वतःच थकायचं ठरवून आले होते.

पहिलं बाक आलं.

"बस वं जराशी. मले दम लागला."

"तुमाले? एवढे रूळ तुडवले ना जलमभर?"

"वय झालं आता."

कौशल्याबाई मुकाट्यानं बसल्या. युक्ती लागू पडली. दुसऱ्या बाकावरही पडली, तिसऱ्यावरही. पाचव्या बाकापर्यंत जानरावांचं सोंग इतकं वठलं की शर्ट पाठीला चिकटला आणि बसल्यावर खरोखरच बरं वाटलं. नाटकात गेलो असतो तर नाव काढलं असतं, असं मनात येऊन त्यांना हसू आलं.

धबधबा काही फार मोठा नव्हता, पण कौशल्याबाई पाण्यात पाय सोडून पोरीसारख्या हसल्या. आधार देण्याच्या निमित्तानं जानरावांनी त्यांचं मनगट धरलं आणि गुपचूप ठोके मोजले. ठीक होते. मग कौशल्याबाईंनीही त्यांचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. चार माणसांत, या वयात! जानराव चक्क लाजले.

संध्याकाळी तंबूसमोर जेवण आलं. जानरावांनी स्वयंपाक्याला आधीच गाठून बिनमिठाचं वरण सांगितलं होतं, आणि हिला वेगळं वाटू नये म्हणून आपल्यालाही तेच. तिच्यासाठी महिन्यापूर्वी तंबाखू-सुपारीचा खर्राही सोडला होता. त्याचा उच्चार त्यांनी कुठंच केला नाही.

जेवण झाल्यावर कौशल्याबाईंनी दोन पाकिटं काढली.

"तुमची ताकदीची गोळी घ्या आधी. एकटीनं गोळी गिळाले मले भेव वाटते."

रोजचंच होतं हे. जानरावांनी निमूट गोळी गिळली. मग कौशल्याबाईंनीही आपली घेतली.

सकाळी तीच बाकं, तोच दम, उलट्या क्रमानं. झाडांमधून नाक्याचं पत्र्याचं छप्पर दिसलं तेव्हा जानरावांचे डोळे भरून आले. कालपासून छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलून नेला होता. काही झालं नव्हतं. हिला काहीही झालं नव्हतं.

"पाह्य, काकू कशी ठणठणीत आहे," ते मोतीरामच्या कानात म्हणाले, बाहेर पडल्याची सही केली आणि शीळ घालत गाडीकडे निघाले.

कौशल्याबाई थैली सावरत मागे राहिल्या. मोतीरामनं वही त्यांच्याकडे फिरवली.

"काकू, मले कालपासून कोडं पडून राहिलं. काकानं तुमचं नाव लिवाले सांगतलं. मंग थैली न्याले आल्या तवा तुमी काकाचं सांगतलं. दोघंबी म्हनता, तिकडं कळू देऊ नको. आता खरं पेशंट कोन?"

कौशल्याबाईंनी गाडीकडे पाहिलं. जानराव सावकाश चालत होते. मध्ये एकदा थांबले, झाडाला टेकले, पुन्हा निघाले.

"माहं नाव खोडून टाक," त्या हळूच म्हणाल्या. "पन थांब जरा. त्याइले गाडीत बसू दे आधी."