एक पेर खोल

“बी किडकं होतं, दुसरं काही नाही!” पायात चपला सरकवत बायको म्हणाली. “त्या बियाणेवाल्याची आज अशी खरडपट्टी काढते, की पुन्हा दुकान उघडायचा नाही.”

घड्याळजींनी पायरीवर बसल्या बसल्या वाफ्याकडे पाहिलं. शेजारचा घेवडा केव्हाच दोरीला लागला होता आणि यांच्या वाफ्यात कोंबाचा पत्ता नव्हता. लग्न झाल्यापासून असं कधी घडलं नव्हतं. अर्ध्या गल्लीला रोपं जायची ती हिच्याच हातची. यंदा लोक कुंपणावरून डोकावून विचारायला लागले, की ही काहीतरी निमित्त काढून घरात पळायची.

“बियाण्याला बोल लावू नकोस, मास्तरीणबाई,” ते म्हणाले. “त्याच पुडीतले चार दाणे मी डब्यात लावलेत. बघ, कशी पानं फुटलीत.”

खिडकीतल्या गंजक्या डब्यात चार रोपं ऐटीत उभी होती. हे आत्ता सांगायला नको होतं, हे घड्याळजींना बोलून झाल्यावर कळलं.

“म्हणजे मला पेरता येत नाही?”

“तसं कुठं म्हणालो मी?”

“तुम्ही पट्टी लावून पेरलंत. मला पट्टी लागत नाही. एक पेर खोल बोट घालायचं, दाणा टाकायचा, वर माती. आंधळी झाले तरी पेरीन!”

त्यात खोटं काही नव्हतं. तिनं जन्मभर टायपिंगच्या क्लासात शिकवलं होतं. बोटांकडे बघायचं नाही, हा तिचा पहिला नियम. बघणाऱ्याच्या हातावर पट्टी बसायची. वाटाणे सोलताना, विणताना, पेरताना तिची नजर समोरच्या माणसावर आणि तोंड चालू. घड्याळजींचं सगळं उलटं. डोळ्याला भिंग लावून उमर गेली. दिसल्याशिवाय ते कशावर विश्वास ठेवत नसत.

“थांब, उकरूनच बघू,” म्हणत त्यांनी आपला घड्याळं दुरुस्त करायचा चिमटा आणला आणि वाफ्याशी बैठक मारली.

“दाणा पोकळ निघाला तर माझी माफी मागायची,” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. “अख्ख्या गल्लीसमोर.”

“मागेन की.”

एका पेरावर दाणा नव्हता. दोन पेरांवरही नव्हता. ते उकरत गेले. बोटभर खाली गेल्यावर दाणा सापडला. चांगला फुगलेला, कोंब फुटलेला. पांढरा कोंब थोडा वर आला होता आणि वाटेतच कुजून गेला होता. दुसरा दाणा तसाच. तिसराही तसाच. घड्याळजींना हसू आवरेना.

“मास्तरीणबाई, घेवडा पेरलात की विहीर खणलीत?”

“काहीतरीच! मी एकच पेर बोट घातलं होतं.”

“मग बोट लांबलं असेल तुझं.”

ती तणतणत खाली बसली. “बघा. नीट बघा, भिंग लावून बघा.”

तिनं उजव्या हाताचं बोट मातीत घातलं. नजर नवऱ्याच्या डोळ्यांत, हनुवटी वर. बोट एक पेर आत गेलं. दुसरं पेर गेलं. तिसरं गेलं. पंजा मातीला टेकला.

“हे एक पेर,” ती म्हणाली. “पटलं?”

घड्याळजी पुढे वाकले.

“खाली बघ.”

“कशाला? मला कळतंय की.”

“एकदा बघ गं.”

तिनं पाहिलं. बोट दिसतच नव्हतं. तिनं ते हळूच बाहेर काढलं आणि दुसऱ्या कुणाचं तरी असावं तसं न्याहाळलं.

“माती फारच भुसभुशीत आहे,” ती पुटपुटली.

घड्याळजींना एकेक आठवायला लागलं. मध्यंतरी तिनं शेगडीवरचं तापलेलं भांडं फडक्याशिवाय उचललं होतं. पाहुण्यांसमोर ते कौतुकानं म्हणाले होते, हिला हात नाहीत, सांडशी आहे. एकदा ती बाजारातून एकाच पायात चप्पल घालून आली. दुसरी केव्हा निसटली हे तिला ठाऊकच नव्हतं. तो किस्सा त्यांनी पोट धरधरून गल्लीभर सांगितला होता. तिला शर्टाची बटणं लावता येईनात, तेव्हा त्यांनी काजं लहान केली म्हणून शिंप्याला शिव्या घातल्या होत्या. सगळं डोळ्यांसमोर घडलं होतं आणि ते नुसते हसत राहिले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली.

“डोळे मीट,” ते म्हणाले.

“आता हे काय नवीन?”

“मीट ना. टोचलं की सांग.”

तिनं डोळे मिटले. त्यांनी आपल्या सदऱ्यानं तिच्या बोटाची माती पुसली आणि चिमट्याचं अणकुचीदार टोक हलकेच टेकवलं. ती गप्प. त्यांनी जरा दाबलं. ती गप्पच. त्यांनी आणखी दाबलं. टोकाखाली रक्ताचा थेंब जमला आणि ओघळून मातीत पडला.

“अहो, टोचा ना,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “किती वेळ वाट बघायला लावणार आहात?”