अकरा पोपटांचं तोरण

कीर्तनाला बसता तशा जवळ सरून बसा, बायांनो. गिरगावातल्या एका तोरणाची कथा सांगते. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात मीनाक्षीचा नवरा तुरुंगात गेला होता. तरी दिवाळीच्या तोरणासाठी ती चिंध्यांचे अकरा पोपट शिवून त्यांत कापूस भरत बसली. सासूबाई कडाडल्या, “माझा लेक कोठडीत आणि तुला पोपट सुचतात?” मीनाक्षीची सुई थांबली नाही. “आई, ते काही चोरी करून गेलेले नाहीत. सणाला दार ओकं दिसलं, तर लोक म्हणतील, ही माणसं खचली.” सासूबाई माळ ओढू लागल्या. पाच पोपट भरले आणि कापूस संपला. हरताळामुळे दुकानं बंद होती. तेव्हा सासूबाईंनी आपली उशी उसवली. “घे, पोपटांची पोटं गच्च भर. लेक सुटेपर्यंत मी हातावर डोकं ठेवून निजेन.” तोरण बांधाल, तेव्हा त्या माउलीला आठवा.