गिलेनच्या बाजूचं दार

बरगंडीत द्राक्षांचा तोडा संपला की आर्माँ त्याच्या आरशासारख्या लखलखीत जुन्या पेजो गाडीतून बायकोला, गिलेनला, घेऊन वाईन न्यायला यायचा. गाडी थांबली की स्वतः वळसा घालून जायचा, गिलेनच्या बाजूचं दार उघडायचा आणि हात पुढे करायचा. मळ्याची मालकीण जोझियान ते बघून दर वर्षी नवऱ्यावर करवादायची, "शीक जरा काहीतरी!"

आर्माँ उन्हाळ्यात गेला. यंदा गिलेन डोंगरातल्या वळणांवरून तीच गाडी चालवत एकटीच आली.

"नशीबवान गं तू," जोझियान डोळे पुसत म्हणाली. "असा नवरा मिळाला! नाहीतर आमचं ध्यान. पिंपातून डोकं वर काढेल तर शपथ."

"चल, टेकडीपर्यंत चक्कर मारू," गिलेन एवढंच म्हणाली.

जोझियान ऐटीत तिच्या शेजारी बसली. इतकी वर्षं तिचा डोळा होता त्या जागेवर. टेकडीवर गाडी थांबली. खाली पिवळे पडलेले मळे दूरवर पसरले होते. उतरायचं म्हणून तिने दार चाचपलं, तर हँडलच नाही. काच खाली करायचंही नाही. सगळं नुसतं गुळगुळीत चामडं. तिने खांद्याने ढकलून पाहिलं. गाडीतली हवा एकाएकी कमी झाल्यासारखी वाटली.

"अगं, हे आतून उघडतं कुठून?"

गिलेन उतरली. वळसा घालून आली, दार उघडलं आणि हात पुढे केला.

"आतलं हँडल त्याने लग्नाच्या वर्षीच काढून टाकलं."