बाटलीचं झाकण

"सुरू करा की, साहेब. माझ्या सुनेला बाहेर किती वेळ ताटकळत ठेवणार?"

मेलेल्या म्हातारीचा आवाज ऐकून भिंग घाईघाईने खुर्चीत टेकला. हा गुप्तहेर. समोरच्याची नाडी वाचून खोटं पकडणारा यांत्रिक डोळा बसवल्यापासून सगळं खातं त्याला भिंगच म्हणायचं.

टेबलावर जबानीयंत्र होतं. मेलेले त्यातून बोलत आणि त्यांचं बोलणं कोर्टात शेवटचं मानलं जाई. कारण यंत्रातून खोटं बोलायला गेलं, की आवाजच फुटत नसे.

ऑपरेटरची खुर्ची रिकामी होती. म्हातारीला जोडून देऊन स्वारी चहाला गेली असणार. पंखा थांबला होता, तरी खोलीत चांगलाच गारवा होता.

"तुमच्या धाकट्या मुलाची तक्रार आहे, आजी. वहिनीने जास्त गोळ्या देऊन मारलं म्हणतो."

"वर्षातून एकदा तोंड दाखवणारा तो! त्याला काय कळतंय? दुखणं सोसवेना, म्हणून मीच घेतल्या गोळ्या, माझ्या हाताने. ती बिचारी झोपली होती."

सकाळीच भिंग म्हातारीच्या खोलीत जाऊन आला होता. गोळ्यांच्या बाटलीचं झाकण दाबून फिरवावं लागे. त्यालाही ते दोनदा झटापट केल्यावर उघडलं. उशाशी जाड फडकं गुंडाळलेला चमचा होता. म्हातारीची बोटं कधीच आखडली होती, साधं बटणसुद्धा सून लावून द्यायची.

"झाकण कसं उघडलंत?"

"कसं म्हणजे? धरलं चिमटीत आणि फिरवलं. त्यात काय मोठं?"

ढळढळीत खोटं! आणि यंत्रातून आलेलं. नोकरीत असं कधी घडलं नव्हतं.

"सून कशी होती हो तुमची?"

"अळणी रांधायची मेली. उठता-बसता उद्धार केला मी तिचा. पण बोटं ठणकली की रात्र रात्र हातात घेऊन बसायची. मी मरण मागायचे आणि रडायची ती. सोडा तिला. पोरं शाळेतून येतील, दाराला कुलूप दिसेल."

भिंगला गलबलून आलं. यंत्रातून आलं ते खरं, असा कायदा. आपण शहाणपणा कशाला करा, असं मनाशी म्हणत तो उठला.

बाहेर बाकावर सून खाली मान घालून बसली होती. तिची नाडी कशी धावतेय ते डोळ्याने लगेच सांगितलं. भिंगने तो डोळा मिटून घेतला.

"जा घरी. सासूबाईंनी सोडवलं तुम्हाला."

"त्यांनी?" तिला हुंदका आवरेना. "जन्मात कधी धड बोलल्या नाहीत हो माझ्याशी!"

डोळे पुसत ती जिना उतरून गेली. तेवढ्यात ऑपरेटर धापा टाकत वर आला. त्याच्या हातात एक छोटंसं खोकं होतं.

"माफ करा साहेब, खोळंबा झाला. यंत्राचा फ्यूज सकाळीच उडालाय, अख्खा बाजार पालथा घातला तेव्हा मिळाला. आता बसवतो, मग बोलावू म्हातारीला."